झोळ ठेवणाऱ्या बाई

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलेल्या बाई भाजी आणायला जाताना पिशवीत वीट घेऊन जायच्या. अख्खी, भाजलेली, लाल वीट. एका पिशवीत वीट, दुसरी पिशवी रिकामी. येताना त्या रिकाम्या पिशवीत कांदे-बटाटे यायचे आणि वीट आपली जशी गेली तशी परत.

माझ्या बायकोनं पहिल्याच आठवड्यात विचारलं, "अवो बाई, ईट कशाला फिरवून आणताय?"

"तोल राहतो, वहिनी. एकाच हातात ओझं घेतलं की पाठीचा कणा दुसऱ्या बाजूला वाकून भांडत बसतो. दोन्हीकडे सारखं असलं की भांडण मिटतं."

"पर वजन डबल हुतंय की."

"होतंय. पण सरळ होतंय."

"आन् जाताना? तवा तर नुसती ईटच असती."

बाईंनी विटेची पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "जाताना दर खांबाला हात बदलते," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

बायको माझ्याकडं वळली. "किती दिस ऱ्हानार हैत ह्या?"

आमचं घर कोपरखैरण्याला, माथाडी वसाहतीत. मी मूळचा साताऱ्याकडचा, पाटणच्या खोऱ्यातला. शाळा तिसरीपर्यंत. पुढं सगळी उमर वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहण्यात गेली. खालचं घर त्या पाठीवर उभं राहिलं, वरची खोलीही तिच्यावरच चढली. म्हणून वजन ह्या विषयात मला कुणी शिकवायला आलेलं मला चालत नाही. आणि ह्या बाई आल्या त्या नेमक्या तोच विषय घेऊन.

इंजिनियरिंगच्या कॉलेजात त्या हेच शिकवायच्या. कशावर कुठून किती जोर पडतो, आणि तरी ती वस्तू जागची का हलत नाही, एवढंच. एवढ्यावर माणसाची नोकरी निवृत्तीपर्यंत चालते हे मला आधी खरं वाटलं नव्हतं. सीवूड्सला त्यांचा जुना फ्लॅट होता. ती बिल्डिंग पाडून नवीन बांधायला घेतली, तोवर राहायला जागा हवी म्हणून त्या आमच्याकडं आल्या. एकट्याच होत्या. अंगानं किरकोळ, केस पुरुषासारखे बारीक कापलेले, सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये खडू आणि एक हुकाचा काटा, मासळीवाल्या पूर्वी वापरायच्या तसला स्प्रिंगचा. मला त्या मालक म्हणायच्या. घरात दुसरं कुणी मला तसं म्हणत नव्हतं, त्यामुळं सुरुवातीचं बरंच मी चालवून घेतलं.

खडू होता बाण काढायला. गॅसच्या टाकीवर बाण, शिडीवर बाण, गच्चीतल्या पाण्याच्या पिंपावर बाण. एक खाली, एक वर, एखादा तिरका. बायको फडकं घेऊन मागनं पुसत यायची.

"बाई, ही टाकी कुठं पळून चाललीय का? गप उभी हाय," मी एकदा म्हणालो.

"गप्प उभ्या वस्तूवरच सगळ्यात जास्त ओढाताण चालू असते, मालक. सगळ्यांची बरोबरी झाली म्हणून ती गप्प दिसते. आधी बाण काढा, मग बोला."

हे त्यांचं नेहमीचं. कुणी काही म्हटलं की, आधी बाण काढा, मग बोला. एकदा बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मावशी, दांडा धरा, पडाल." ह्या दोन्ही पाय पुढं-मागं फाकवून, गुडघे जरा वाकवून मधोमध उभ्या, दांडा न धरता. म्हणाल्या, "ब्रेक पुढं-मागं ढकलतो, म्हणून मी पुढं-मागं उभी आहे. तुम्ही दोन्ही पाय जुळवून उभे आहात, तुम्ही धरा." पुढच्या सिग्नलला ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला आणि कंडक्टर खरंच एका माणसाच्या मांडीवर जाऊन बसला. मी सोबत होतो. मी दांडा धरला होता, म्हणून मला काही झालं नाही.

आता दोरीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे.

गच्चीवर कपड्यांची दोरी मी स्वतः बांधलेली. माझं म्हणणं असं, की दोरी ताठ पाहिजे. बोटानं टिचकी मारली तर वाजली पाहिजे. बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "मालक, झोळ ठेवा."

"कशाला? लोंबती दोरी आळशी घरात असती."

"गोधडी टाकाल तेव्हा तुटेल."

मी हसलो. गोण्या बांधण्यात हयात गेलेल्या माणसाला दोरी सांगत होत्या. मे महिन्यात बायकोनं मोठी गोधडी धुतली आणि चिंब ओली दोरीवर टाकली. दोरी तुटली नाही. भिंतीतला हुकच प्लास्टरसकट उपटून आला आणि गोधडी शेजारणीच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर आडवी झाली. शेजारीण जे बोलली ते मी लिहीत नाही.

बाई वर आल्या, भोक बघितलं आणि भिंतीवर खडू चालवला. "वजन खाली जातंय. ताठ दोरी बाजूला ओढते, वर ओढतच नाही म्हणा ना. बाजूला ओढून खालचं वजन पेलायचं, तर तिला कितीतरी पट ताकद लावावी लागते. ती ताकद हुकानं आणायची कुठून? जरा झोळ दिलात की दोरी वरच्या दिशेनं धरायला लागते. थोडक्यात भागतं."

मी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी मोठा हुक आणला आणि दोरी पुन्हा ताठ बांधली.

चैत्रात आमच्या वसाहतीत जोतिबाची सासनकाठी निघते. डोंगरावर जातात त्या काठ्या फार मोठ्या. आमची त्यामानानं बेताची, तरी शेंडा दोन मजल्यांच्या वर जातो. बांबूचा उंच सरळ कळक, त्याला रंगीत कापड गुंडाळलेलं, वर तुरा, आणि खाली खांद्याच्या उंचीवर एक आडवी फळी. ती फळी एकानं खांद्यावर घ्यायची आणि कळक उभा धरून चालायचं. शेंड्याकडून चार दोर खाली येतात, त्यांना आम्ही तोरण्या म्हणतो. चार बाजूंना चार माणसं ते दोर धरून चालतात, म्हणजे काठी कलत नाही. नाक्यापासून देवळापर्यंत ती जमिनीला टेकू द्यायची नाही. वसाहतीत काठी सुरू झाली त्या वर्षापासून फळीखाली खांदा माझा. दुसऱ्या कुणी कधी मागितला नाही, आणि मी दिलाही नसता.

त्या वर्षी माझा उजवा खुबा दुखत होता. उजव्या पायावर भार आला की आत कळ जायची. मी कुणाला बोललो नव्हतो, पण माझा पोरगा डोळे मिटून फिरत नाही. तो उरणला कंटेनर यार्डात कामाला आहे. एका संध्याकाळी जेवताना म्हणाला, "आबा, यंदा मी घिऊ का काठी?"

"तू कंटेनर घे."

"पाय वढत चालताय तुमी."

"जोडा नवा हाय."

बायकोनं त्या जोड्याकडं बघितलं. तो पोराच्या लग्नातला होता. सकाळी वर जाऊन ती बाईंना म्हणाली, "तुमी तरी सांगा ह्यास्नी. माझं ऐकत न्हाईत, पोराचं ऐकत न्हाईत. काठी घिऊन पडलं तर सगळ्या गर्दीवर पडंल."

"मी सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "आधी बघते."

सणाआधी देवळापुढं काठी उभी करून बघायची पद्धत आहे. बाई काटा घेऊन तिथं हजर. दोर धरणाऱ्या एकेकाच्या हातातला दोर त्यांनी आपल्या काट्याच्या हुकात अडकवला, काटा वाचला, पुढच्याकडं गेल्या. पोरं हसत होती. आमचा शेजारी टेम्पो चालवतो, दांडगा गडी. तो म्हणाला, "बाई, मासळी कितीला दिली?"

बाईंनी लक्ष दिलं नाही. सरळ माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. "मालक, ही चार माणसं काठी धरत नाहीयेत. मिळून जवळजवळ एक कांद्याची गोणी तुमच्या खांद्यावर ठेवतायत."

"असं कसं, बाई?" टेम्पोवाला म्हणाला. "दोर हायत म्हनून तर काठी सरळ हाय."

"दोर आहेत म्हणून सरळ आहे. तुम्ही ओढताय म्हणून जड आहे."

आणि बसल्या की खाली, देवळापुढच्या फरशीवर. कळक काढला, खांदा काढला, चार दोर काढले, दोरांवर बाण. "प्रत्येक दोर थोडा बाजूला ओढतो, थोडा खाली. समोरासमोरच्यांची बाजूची ओढ एकमेकांत मिटते. खालची मिटत नाही. ती सगळी एका जागी गोळा होते."

"कुठं?" कुणीतरी विचारलं.

बाईंनी खडूनं माझ्या पावलाभोवती गोल काढला. "इथं. आणि कळकाच्या जवळ उभं राहून ओढलं तर दोर जवळजवळ सरळ खालीच ओढतो. लांब उभे राहा आणि ढील द्या. काठी कलायला लागली तरच, आणि कलण्याच्या उलट्या बाजूला असेल त्यानंच ओढावं."

मला राग आला. सगळ्यांदेखत माझ्या पायाभोवती गोल काढला होता. मी म्हणालो, "बाई, ह्यो देवाचा कळक हाय."

"देवाच्या कळकालाही खालीच यायचं असतं, मालक."

"गोण्या मी आयुष्यभर वाहिल्यात. आनखी एक काय."

बाई उठल्या, साडी झटकली, काटा पर्समध्ये टाकला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

सणाच्या दिवशी दुपारी नाक्यावरून काठी निघाली. हलगी, गुलाल, चांगभलंचा गजर. मोठ्या रस्त्याला काही वाटलं नाही. दोरवाले लांब-लांब चालत होते, वाराही नव्हता. खुबा बोलत होता, मी त्याचं ऐकत नव्हतो. मग आमची गल्ली आली.

गल्लीला दोन्ही बाजूंना मोटारी आणि बाईका लागलेल्या असतात. बाजूच्या दोरवाल्यांना लांब राहायला जागाच नाही. ते अगदी माझ्याजवळ आले, जवळजवळ कळकाखाली. डावीकडं माझा पोरगा, उजवीकडं टेम्पोवाला. आणि तेवढ्यात खाडीकडून वारा सुटला. वरच्या कापडात वारा भरला आणि शेंडा उजवीकडं झुकला. पोरानं आपला दोर ओढला, ते बरोबरच होतं. पण टेम्पोवाल्याच्या हाताला ती ओढ लागली. त्याला वाटलं काठी पोराच्या बाजूला चालली. त्यानं ओढला. मग पोरानं जास्त ओढला. दोघांनाही माझीच काळजी. दोघंही म्हाताऱ्याला सांभाळायला जीव तोडून ओढत होते, आणि ते सगळं माझ्या खांद्यावर उतरत होतं.

उजव्या खुब्यात खिळा ठोकल्यासारखी कळ आली. डावा पाय उचलायचा तर सगळा भार उजव्यावर, आणि उजवा तो भार घेईना. मी जागच्या जागी थांबलो. बघणाऱ्यांना वाटलं मी वारा जाऊ देतोय. मला कळत होतं की आणखी थोडं असंच राहिलं तर गुडघा दुमडणार. समोर बाया, कडेवर पोरं, गॅलऱ्यांत माणसं. कळक पडला असता तर कुणाच्या तरी डोक्यात पडला असता. हाक मारून पोराला फळीखाली घ्यावं, तर सगळी वसाहत बघणार. मी दात आवळून उभा राहिलो.

गर्दीतून बाई आल्या. पांढऱ्या केसांत गुलाल आणि हातात मिटलेली छत्री. टेम्पोवाल्याच्या बरगडीत त्यांनी छत्रीचं टोक खुपसलं.

"ढील दे."

"काय?"

"दोर हातात राहू दे. ओढू नकोस."

"म्हातारं पडंल, बाई."

"तू ओढतोयस म्हणून पडेल. दे म्हणते ना."

कॉलेजातली पोरं कशी बसत असतील त्यांच्यापुढं ते मला त्या दिवशी कळलं. एवढा दांडगा गडी, पण त्यानं दोर सैल केला. कळक डावीकडं, पोराच्या बाजूला हलला. हलगी थांबली. बाई माझ्या पाठीमागनं पोराकडं गेल्या. त्याला मात्र हळू सांगितलं, "आता तूही सोड. वारा पेलेल तेवढाच धर, बाकी सोड."

पोरगा माझ्याकडं बघत होता. हात सैल करणं म्हणजे बापाला सोडणं, असं त्याच्या तोंडावर सरळ लिहिलं होतं. मी मान हलवली. त्यानं दोर बोटांतून हळूहळू सरकू दिला. पुढच्या-मागच्या दोघांनी बघून तेच केलं.

मार्केटात पाठीवरची गोणी थप्पीवर टाकली की जे वाटतं, ते मला भर गल्लीत, काठी खांद्यावर असताना वाटलं. फळी होती, कळक होता, पण जो भार मी इतकी वर्षं काठीचा समजत होतो, त्यातला मोठा हिस्सा काठीचा नव्हताच. डावा पाय उचलला गेला. उजव्यानं भार घेतला. दुखला, पण घेतला. चारी दोरांना झोळ आलेला आणि कळक आपला सरळ, नुसता वाऱ्याला डुलत. पुन्हा हलगी वाजायला लागली.

देवळापुढं काठी कट्ट्यावर टेकवली तेव्हा बायको माझ्याशेजारी येऊन बसली. "हुश्श," म्हणाली. आणि मग, "जोडा चावला का?"

मी म्हणालो, "थोडा."

बाई प्रसादाचा भात खात होत्या. सांगितलं होतं की नाही, असं त्यांनी मला म्हणायला हवं होतं, मी तयारीत होतो. त्या म्हणाल्या, "भाताला मीठ कमी आहे."

संध्याकाळी मी गच्चीवर गेलो आणि कपड्यांची दोरी सैल केली. सकाळी बायकोच्या डोक्याला ओली लुंगी लागली. "कुनी सैल केली ही?"

"झाली असंल आपोआप. उन्हानं."

पोरगा मला डॉक्टरकडं घेऊन गेला. फोटो काढला. खुब्याची गादी झिजलीय, म्हणाले, पण लगेच कापाकापी नको, वजन उचलणं बंद करा आणि चालताना स्टिक वापरा. मला मोठा दिलासा वाटला, आणि मोठा अपमानही. स्टिक मी उजव्या हातात धरून घरी आलो, कारण दुखतो उजवा पाय. बाई जिन्यात उभ्या होत्या.

"मालक, उलटा हात."

"पाय उजवा हाय, बाई."

"म्हणूनच काठी डाव्या हातात." खडू निघालाच. जिन्याच्या भिंतीवर माणूस काढला, एका पायावर उभा. "तुम्ही उजव्या पायावर उभे राहता तेव्हा अंग डावीकडं पडायला बघतं. ते पडू नये म्हणून खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू ओढून धरतो. तुमची तोरणीच ती, शरीरातली. आणि इतक्या जवळून ओढते की फार जोरानं ओढावं लागतं. ती ओढ कुणावर उतरते?"

उत्तर मला माहीत होतं.

"खुब्यावर. डाव्या हातातली काठी डावीकडं जरासा आधार देते, मग तोरणीला तेवढं ओढावं लागत नाही. चालून बघा."

मी चाललो. दारापासून नळापर्यंत आणि परत. कळ होती, पण लांब गेल्यासारखी. बाई वाट बघत होत्या. मी म्हणालो, "उजवा हात मोकळा ऱ्हातोय हे बरं. दुधाची पिशवी धरायला."

"हो," बाई म्हणाल्या. "तेही आहेच."

पुढच्या हिवाळ्यात त्यांची बिल्डिंग तयार झाली. बत्तिसाव्या मजल्यावर घर मिळालं. टेम्पोवाल्यानंच सामान सीवूड्सला पोचवलं आणि सगळा वेळ बाई त्याला गादी कुठं ठेवायची, कपाट कुठं, हे बाणानं दाखवत होत्या. वीट मात्र टेम्पोत दिली नाही. ती त्यांच्या हातातल्या पिशवीत होती, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली आणि डबा. जाताना बायको रडली. जिन्यातला एका पायावरचा माणूस तिनं पुसला नाही. मी विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुमी इसरता."

यंदा चैत्रात फळी पोराच्या खांद्यावर दिली. त्यानं मागितली नव्हती, मी दिली. डाव्या हातात स्टिक, उजव्या हातात टेम्पोवाल्याचा तो उजवीकडचा दोर, असा मी गल्लीतनं चाललो होतो. वाऱ्यानं वेळ साधलीच. शेंडा हलला आणि फळीखाली माझ्या पोराची मान जराशी वाकली. त्या वेळी हात कसा आवळला जातो हे दोर धरल्याशिवाय कळत नाही. सगळं अंग म्हणत होतं, ओढ.

"अवो, वढू नका," बायको गॅलरीतून म्हणाली.

"वढत न्हाय."

सीवूड्सवरून बाई आल्या होत्या. मोटारींच्या मधल्या फटीत छत्री घेऊन उभ्या. त्यांनी शेंड्याकडं बघितलं नाही, पोराकडं नाही, माझ्याकडंही नाही. फक्त दोराकडं बघितलं. मी बोटं उघडली, दोर हातभर सरकू दिला. पोराची मान सरळ झाली आणि तो पुढं चालायला लागला.

"एवढा झोळ पुरे," बाई म्हणाल्या.

मी आणखी थोडा दिला.